एक सेफ्टी

गुरुवारी सकाळी बाबांनी तो आकाशी सॅटिनचा शर्ट मागितला आणि आईने ट्रंकेतून काढून दिला, तेव्हा क्षितिजा ओट्यावर पेपर वाचत बसली होती. शर्टाला डांबरगोळ्यांचा वास येत होता. खिशावर लाल दोऱ्याने भरलेलं पाखरू होतं, त्याची चोच उसवली होती. पोटावरची बटणं लागत नव्हती, पण बाबांनी श्वास आत ओढून ती लावली आणि आरशापुढे तिरके उभे राहिले. "टीव्हीवर दिसनार हायस काय?" आई म्हणाली. "आवाजच घेनार हायत ना? गंजीफ्राकवर गेलास तरी चालंल." "शर्ट घातल्याबिगर आवाज लागत न्हाय," बाबा म्हणाले. आई हसली. क्षितिजाही हसली. पुढे कितीतरी दिवस तिला त्या हसण्याचाच राग येत राहिला, कारण त्यात काळजीचा लवलेश नव्हता. मे महिना होता, सुट्टीला ती कल्याणहून माहेरी आली होती, परसात मांदेली सुकत होती आणि गोडाऊनकडे जाणारे ट्रक अंजूरच्या रस्त्यावरची धूळ ओट्यापर्यंत आणून टाकत होते. दिवाळीत बाबांच्या काळजात जाळीची नळी बसवली होती. डॉक्टरांनी ओझं उचलू नका, उन्हात फिरू नका असं बजावलं होतं. गाऊ नका असं ते म्हणाले नव्हते, कारण त्यांना कुणी विचारलंच नव्हतं. "गानं म्हंजे काय शिमेटची गोन हाय काय उचलायला?" बाबा म्हणायचे, आणि वाद तिथे संपायचा. हिरामणकाकांची गाडी दारात आली तेव्हा आईने क्षितिजाच्या हातात गोळ्यांची डबी दिली. "जा गो बाय त्याच्यासंगती. दुपारची गोळी इसरतो."

महादू, हिरामण आणि इक्बाल अशी तिघांची मिळून पाखरू पार्टी. बाबा गायचे, हिरामणकाका गाणी रचायचे आणि ढोलकी धरायचे, निजामपुऱ्याचे इक्बालचाचा बेंजो वाजवायचे. एके काळी अंजूरपासून उरणपर्यंत हळदीचा मांडव पडला की कॅसेट लागे ती यांची. दुकानात लोक कॅसेटचं नावसुद्धा सांगत नसत, नुसतं "पाखरू द्या" म्हणत. क्षितिजाच्या लहानपणात वर्षाचे दोन भाग होते, एक बाबा घरी असण्याचा आणि दुसरा लग्नसराईचा. तुळशीचं लग्न लागलं की बाबा जे जायचे ते जेठ सरेपर्यंत सकाळी सकाळी झोपायलाच परतायचे, अंगाला दुसऱ्यांच्या हळदीचे डाग घेऊन. आई ते कपडे वेगळे धुवायची. घरात ते कधी गुणगुणतही नसत. गळा राखायचा असतो, असं आई सांगायची, जणू तो गळा घरातल्या कुणाचाच नव्हता, तालुक्याचा होता, आणि घराने फक्त त्याला आल्याचा रस पाजायचा होता. आईचा आणखी एक नियम होता. गाणाऱ्याच्या तोंडावर त्याच्या गाण्याबद्दल वाईट बोलायचं नाही, गळा रुसतो. क्षितिजाने पुढे पुष्कळ पुस्तकं वाचली, कॉलेजात मुलांना समीक्षा शिकवली, भल्याभल्यांच्या कवितांची शिवण उसवून दाखवली, पण त्या उंबऱ्याच्या आत तो नियम तिनेही कधी मोडला नाही. तिच्या स्वतःच्या हळदीला बाबा पाटाशेजारी बसणार असं ठरलं होतं. आईने तशी शपथ घातली होती. मग मांडवातून कुणीतरी ओरडलं, "महादूदादा, पोरीच्या हळदीला मुका र्‍हानार काय?" आणि बाबा उठले. एकेक जण येऊन तिच्या गालाला, पायाला, कोपराला हळद लावत होता आणि वर स्टेजवर बाबा गात होते. आईने हाक मारली तेव्हा त्यांनी हातानेच सांगितलं, येवढा अंतरा झाला की आलो. अंतऱ्यामागून अंतरा झाला. हळद वाळली, तडकली, धुतली गेली. दुसऱ्या दिवशी प्रत्येक बाई तिला म्हणाली, भाग्याची गो तू, खुद्द महादू गायला तुझ्या हळदीला. ती प्रत्येकीकडे बघून हसली. जबडा दुखेपर्यंत हसली.

स्टुडिओ कामतघरला होता, एका तीन मजली इमारतीच्या माथ्यावर, आणि खालच्या दोन्ही मजल्यांवर लूम, म्हणजे यंत्रमाग, होते. रस्त्यात पाय ठेवल्यापासून ती खटखट तळव्यातून वर चढायची. स्टुडिओ हिरामणकाकांच्या पुतण्याचा, प्रितेशचा. गाण्याच्या केबिनला त्याने आतून गोधड्या आणि फोम ठोकला होता, समोर फक्त एक जाड काच ठेवली होती, तरी माईक लूमचा आवाज पकडायचाच. शुक्रवारी लूम बंद असत, पण शुक्रवारचे तास कव्वालीवाले आणि भजनी मंडळं आधीच धरून ठेवत. म्हणून पाखरू पार्टीचं काम चाले ते लोडशेडिंगमध्ये. अख्खी भिवंडी वीज गेली की शिव्या द्यायची, आणि त्या खोलीत मात्र सगळे हातातला चहा तसाच टाकून उठायचे. खालची खटखट विझत विझत थांबली की प्रितेश इन्व्हर्टरवर कॉम्प्युटर चालू करायचा आणि बाबा केबिनमध्ये जायचे. पंखा नाही, कारण इन्व्हर्टर तेवढा ओढत नव्हता, आणि ओढला असता तरी पंख्याची घरघर माईकमध्ये आली असती. दार घट्ट लावलेलं. मे महिन्याची दुपार. गोधड्या. सॅटिनचा शर्ट. तेरा वर्षांनी पार्टीचा नवा अल्बम निघणार होता. हिरामणकाकांच्या शेतावर आता गोडाऊन उभी होती, त्यांना हौस आली होती, आणि अल्बमचं नाव त्यांनीच ठेवलं होतं, पुन्हा पाखरू. सात गाणी होऊन गेली होती. आठवं राहिलं होतं.

नवरीच्या अंगनी सांडली हळद, कुनी गो येचावी, कुनी गो येचावी. पहिली 'येचावी' खाली राहते आणि दुसरी एकदम वर जाते, माडावर चढणारा शेवटच्या हाताला जसा अंग झोकून देतो तशी. बाबांचा जुना आवाज या जागेवर ओळखला जायचा. मांडवातली पोरं नाचायची थांबून वर बघायची. त्या दुपारी ती जागा आली आणि आवाज फाटला. फाटला म्हणजे चिरकला नाही, नुसता दोन्हीकडे निघून गेला आणि मधे वारा राहिला. बाबांनी हेडफोन एका कानावरून सरकवून काचेतून विचारलं, "कसा झाला?" हिरामणकाका माईकवर वाकून म्हणाले, "एक नंबर, दादा! एक सेफ्टी घेऊ." सेफ्टी हा शब्द प्रितेशने आणला होता. टेक चांगला झाला तरी हाताशी दुसरा असावा म्हणून घ्यायचा तो सेफ्टी. पण पार्टीला हा शब्द मिळाला तो उपाशी माणसाला भाकरी मिळावी तसा. एवढी वर्षं जे म्हणता येत नव्हतं त्याला त्यांना आता एक सभ्य नाव सापडलं होतं. चुकलं म्हणायचं नाही, आवाज गेला म्हणायचं नाही, मस्त म्हणायचं आणि सेफ्टी मागायची. बाबांना त्याचा अर्थ तेवढाच कळत होता जेवढा शब्दात होता. झालेलं चांगलंच आहे, आणखी एक देऊन टाकू. ते खूश होऊन परत गायचे. परत आवाज जायचा. मस्त, दादा. एक सेफ्टी. इक्बालचाचा बेंजोच्या तारांवरची नसलेली धूळ पुसत होते. मधेच ते म्हणाले, "हिरा, बस कर रे. दादा, पानी पी जरा." हिरामणकाका म्हणाले, "लाइट यायच्या आत होऊ दे." बाबा काचेतून तिच्याकडे बघायचे. ती मांडीवरच्या पुस्तकात बघायची. त्या पानावर काय होतं ते तिला तेव्हाही कळलं नव्हतं. खालून पहिला लूम खटकला, मग दुसरा, आणि काम थांबलं. बाबा बाहेर आले तेव्हा आकाशी शर्ट गडद निळा झाला होता. त्यांनी गोळी घेतली, पाणी प्याले आणि म्हणाले, "गळा तापला आता. आजून धा म्हनलो असतो."

परतताना अंजूरफाट्याजवळ त्यांनी गाडी थांबवून ताडगोळे घेतले. मागच्या सीटवर दोघंच होती. हिरामणकाका पुढे मोबाईलवर कुणाला तरी गोडाऊनचं पत्र्याचं माप सांगत होते. बाबा ताडगोळा सोलता सोलता हळूच म्हणाले, "बाय, तू येवढी पुस्तकं वाचतेस. तू खरा सांग. कसा झाला?" ती म्हणाली, "काचेआडून नीट ऐकू नाही आलं, बाबा." "हां," ते म्हणाले, "काच जाड हाय." आणि सोललेला ताडगोळा त्यांनी तिच्या तळहातावर ठेवला. शुक्रवारी सकाळी ओट्यावर दाढी करताना ते एका कुशीवर कलंडले. एका गालाला साबण तसाच होता. शेजाऱ्यांनी अंगण भरून गेल्यावर कुणीतरी तो पुसला. क्षितिजाला वाटलं, तो पुसणारा हात आपण धरायला हवा होता. का ते तिला सांगता आलं नसतं. पण तेव्हापासून जो राग सुरू झाला त्याला पहिल्यांदा सापडला तो हाच, एक अनोळखी, मदतीला आलेला, ओल्या फडक्याचा हात.

रागाला रोज नवीन माणूस लागत होता. भेटायला येणाऱ्या बायका म्हणायच्या, गात गात गेला गो, पुण्यवान. तिला विचारावंसं वाटायचं, गात गात म्हणजे कसं, तुम्हाला काय माहीत, तिथे गोधड्या ठोकल्यात तुम्हाला माहीत आहे का? हिरामणकाका रोज येऊन ओट्यावर बसायचे, डोळे पुसायचे, आणि ते खरंच रडत आहेत हे दिसत असल्यामुळे तिला ते जास्तच असह्य व्हायचे. ढोंगी माणसावर रागावणं किती सोपं असतं. आईवर राग होता, तिच्या नियमासाठी. डॉक्टरवर होता. सगळ्यात जास्त ज्याच्यावर होता तो हार घातलेल्या फोटोत बसून हसत होता. येवढा मोठा गाणारा, दुसऱ्याची ढोलकी कणभर उतरलेली कळायची, बेंजोची तार ढिली झाली की न बघता कळायचं, आणि स्वतःचा आवाज गेलेला कळला नाही? की कळला होता, आणि तरी जात होता, सेफ्टीमागून सेफ्टी, कारण समोरचे सगळे मस्त म्हणत होते आणि मस्त म्हणणाऱ्या माणसांना मधे सोडून निघणं त्याला कधी जमलंच नव्हतं? तिच्या हळदीच्या दिवशी तरी कुठे जमलं होतं?

दहाव्याला खाडीकाठी पिंड ठेवले आणि कावळा शिवेना. ऊन चढत गेलं. खारफुटीच्या फांदीवर दोन कावळे बसले होते, पण खाली येत नव्हते. मनोज, तिचा धाकटा भाऊ, टक्कल करून, उपरणं सावरत उभा होता. लोक एकेक वचन देऊन बघत होते. आईला सांभाळू. पोरीचं माहेर तोडणार नाही. कावळे ढिम्म. आत्या पुढे झाली. बाबांची ही मोठी बहीण, तिला सगळा गाव आक्का म्हणायचा. "हिरामन, तू बोल. त्याचा जीव कुठं आडकलाय ते तुला म्हाईत हाय." हिरामणकाका चपला काढून पुढे गेले, हात जोडून मोठ्याने म्हणाले, "महादू, तुझा अल्बम काढतो. जेठातल्या लग्नांना वाजवतो. आठच्या आठ गानी." आणि त्याच क्षणी बाबा गायले. नवरीच्या अंगनी सांडली हळद. आवाज मनोजच्या पिशवीतून येत होता. मोबाईल वाजत होता, रिंगटोन तीच होती. पिंडाभोवतीची माणसं दचकून पिशवीकडे वळली, मागे सरली, मोकळी जागा झाली, आणि कावळा उतरला. बायकांनी हंबरडाच फोडला. आक्काने वाळूत डोकं टेकवलं. "ऐकला गो त्यानं! ऐकला!" क्षितिजा बघत होती. माणसं सरली म्हणून कावळा आला, एवढी साधी गोष्ट तिला तिथे कुणालाही सांगता आली नसती. पण तिच्या अंगावर काटा आला होता तो कावळ्यामुळे नव्हे. दुसरी 'येचावी' वर गेली होती. सहज, गुळगुळीत, इस्त्री फिरवल्यासारखी गेली होती.

"प्रितेशनं ब्लूटूथनं पाठवलं," मनोज घरी आल्यावर म्हणाला. "ट्यूनिंग मारलंय. भारी आलंय ना, ताई? बाबा पंचवीसचा वाटतोय." ती म्हणाली, "हा बाबा नाही." "बाबाच हाय. मशीन फक्त सूर सरळ करतं." "काय सरळ करतं?" तिने विचारलं. मनोजने परत वाजवून दाखवलं, कानाशी धरलं. त्या आवाजात श्वासच नव्हता. ओळ संपायची आणि दुसरी सुरू व्हायची आणि मधे कुणी जगत नव्हतं. शब्द बाबांचे होते, 'ळ' बाबांचा होता, जिभेला टेकून सुटणारा, आणि त्याच्यावर कुणीतरी त्यांचाच चेहरा रबराचा करून ओढून बसवला होता. स्वयंपाकघरातून आई आली, भिंतीला धरून उभी राहिली, ऐकत राहिली. "लग्न झाला तवा असाच गायचा," ती म्हणाली, आणि तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते बघून क्षितिजाला मोबाईल विहिरीत भिरकावावासा वाटला. रात्रभर चाललेल्या मांडवांमध्ये, लग्नांमध्ये, रिक्षांमध्ये आता हा वाजणार. जेठातल्या प्रत्येक हळदीला पोरं याच्यावर नाचणार. पुढच्या वर्षी कुणी म्हणालं महादूचा आवाज कसा होता, तर हा लावून दाखवतील. आणि आई, जिने पस्तीस वर्षं त्या गळ्याला आल्याचा रस पाजला, तीही हळूहळू यालाच खरा मानू लागेल. आक्का दारातूनच म्हणाली, "कावला शिवलाय, बाय. वचन दिलाय. आता शिकलेपन नको दाखवू. आडवी येशील तर तो परत आडकंल." हिरामणकाकांचा निरोप आला होता की सीडी शनिवारी छापायला जाणार, कव्हरवर हाराचा फोटो, आणि त्याआधी महादूच्या पोरीने एकदा ऐकावं.

शुक्रवार असल्यामुळे कामतघर मुकं होतं. ती रिक्षातून उतरली आणि तळव्यांना काही जाणवेना. जिन्यात सुताचे पांढरे पुंजके पडले होते. वर काका, चाचा आणि प्रितेश, तिघेही होते. कुठल्यातरी मंडळाचा तास हिरामणकाकांनी रद्द करून घेतला होता. इक्बालचाचा कोपऱ्यातल्या खुर्चीत, बेंजो कापडात गुंडाळलेला. "ये, बाय," हिरामणकाका उठून म्हणाले. "इथं बस. मधी बस, आवाज दोन्हीकडून येतो." प्रितेशने गाणं लावलं. मोठ्या स्पीकरवर ते आणखी भीषण होतं. काकांनी डोळे मिटून मांडीवर ताल धरला, आणि दुसऱ्या 'येचावी'ला त्यांचा हात हवेत गेला. गाणं संपल्यावर त्यांनी तिच्याकडे लहान मुलासारखं बघितलं. "काय? जिता झाला की न्हाय महादू?"

"हे काढा," ती म्हणाली.

"काय काढा?"

"हे गाणं. सातच द्या. नाहीतर हे आठवं त्यांच्या खऱ्या आवाजात द्या, जसा होता तसा."

प्रितेश म्हणाला, "ताई, रॉ, म्हंजे मूळ रेकॉर्डिंग, तुम्ही ऐकलेलं नाय. नाय ऐकवत ते."

"मी इथेच होते."

हिरामणकाकांचा चेहरा हळूहळू बदलला. "लोकांनी हसावा काय तुझ्या बापाला? मयतावर हसावा? तेरा वर्सांनी पार्टीची सीडी येते, आनि लोक म्हननार महादू संपला होता. ह्ये पायजे तुला?"

"संपलेच होते. तुम्हाला माहीत होतं."

"हळू बोल."

"कुणी ऐकेल म्हणून? लूम बंद आहेत आज, म्हणून? त्या दिवशीही बंद होते, काका. तुम्हाला प्रत्येक वेळी आवाज फाटलेला ऐकू येत होता. प्रत्येक वेळी तुम्ही मस्त म्हणालात. त्या भट्टीत तुम्ही त्यांना मस्त म्हणून परत परत आत पाठवलंत. एकदा वाईट म्हणाला असतात तर ते बाहेर आले असते."

काका खाली बसले. त्यांनी खिशातून रुमाल काढला, पण डोळ्यांना लावला नाही, हातात चुरगळत राहिले. "वाईट म्हनायचा," ते म्हणाले. "सांगतो तुला. मागच्या गनपतीला म्हननार होतो. त्याच्या घरी गेलो, ठरवून गेलो. म्हटला, महादू, आता पोरांना गाऊ दे, आपन बसू. त्यानं इचारला, का रं हिरू? काय सांगू मी? गानं काढून घेतला तं महादू म्हंजे कोन र्‍हाला? अंजूरचा एक म्हातारा, ज्याची जमीन भावानं इकली. ह्यो अल्बम मी हौसेनं न्हाय काढला. कुनी बोलावत न्हवता त्याला. वर्सभर एक हळद न्हाय. मी म्हटला, आपनच आपल्याला बोलवू."

"आणि मारून टाकू."

"ओ ताई," प्रितेश म्हणाला. इक्बालचाचांनी हात वर करून त्याला थांबवलं. "बोलू दे तिला," ते म्हणाले. "खोटं नाय बोलत ती. मी तारा पुसत बसलो होतो. तीस साल त्याच्या बाजूला बसलो, आणि त्या दिवशी तारा पुसत बसलो."

हिरामणकाका एकदम उसळले. "मग समदेच पुसत होते की! तुझी आये न्हाय बोलली, आक्का न्हाय बोलली. आनि तू गो? तू तं शिकलेली, दुसऱ्याच्या कवितांच्या चुका काढतेस. तुला म्हाईत होता. मी बगत होतो काचेत, तो तुझ्याकडं बगायचा. आमच्याकडं न्हाय, तुझ्याकडं बगायचा. तू का न्हाय बोललीस?"

क्षितिजाला आश्चर्य वाटलं ते याचं की राग कमी झाला नाही. तिला वाटलं होतं, असं कुणी कधी तोंडावर फेकलं तर आपण कोसळू, राग सगळा आत वळेल. पण तो तिथेच उभा होता, मोठा, स्वच्छ, आणि त्यात आता ती स्वतःही होती, काका होते, आई होती, ते सगळे प्रेमळ लोक होते ज्यांनी एका माणसाला आयुष्यभर मस्त म्हणून एका काचेच्या पलीकडे ठेवलं होतं. त्याच्या हातात कुणी कधी खरी गोष्ट दिलीच नव्हती, लहान मुलाच्या हातात सुरी देत नाहीत तशी. त्याला बायको होती, बहीण होती, मुलगी होती, तीस वर्षांचे दोस्त होते, आणि कसा झाला हे विचारायला त्याच्याकडे एक माणूस नव्हता. त्या मागच्या सीटवर त्याने किती वर्षांनी, कदाचित पहिल्यांदाच, काच बाजूला सारून विचारलं होतं.

"रॉ लाव, प्रितेश," ती म्हणाली.

प्रितेशने काकांकडे बघितलं. काका म्हणाले, "लाव. ऐकू दे तिला. मंग तीच सांगंल कुठला ठेवायचा. ती सांगंल तसा करू. वचन मी दिलाय, मोडला तं माझ्यावर."

पडद्यावर एकाखाली एक पट्ट्या होत्या, प्रत्येकीवर सेफ्टी, सेफ्टी, सेफ्टी. त्याने सगळ्यात खालची लावली. संगीत नव्हतं, नुसता गळा. संगीत तेव्हा बाबांच्या कानात वाजत होतं, माईकमध्ये आलं नव्हतं. त्यामुळे ओळीच्या आधी बाबा श्वास घेत होते तो ऐकू आला, ओला, तळापासून ओढलेला. सॅटिनची सळसळ ऐकू आली. खुर्ची कुरकुरली. मग ते गायले. नवरीच्या अंगनी. आवाज कमी झाला होता, खरखरीत झाला होता, पण जागेवर होता, त्यात माणूस होता, आणि क्षितिजाला क्षणभर वाटलं, आपण चुकलो, हा चांगला आहे, हाच द्यावा. पहिली 'येचावी' खाली राहिली. दुसरीसाठी त्यांनी अंग झोकलं आणि ती गेली. मधे वारा. त्या वाऱ्यातही ते ओठांनी शब्द पुरा करत होते, आवाज नसताना, शेवटच्या अक्षरापर्यंत, कारण ओळ अर्धी टाकायची नसते. हिरामणकाकांनी तोंड भिंतीकडे केलं. पट्टी पुढे सरकत होती. बाबा धापा टाकत होते. हेडफोन सरकवल्याचा खर्र आवाज आला. मग अगदी जवळून, स्पीकर आणि तिच्या चेहऱ्याच्या मधून, बाबांनी विचारलं, "कसा झाला?"

पुढे काहीच नव्हतं. बाहेरून दिलेली उत्तरं माईकमध्ये आली नव्हती. पट्टी चालू होती आणि बाबा थांबले होते, श्वास घेत, उत्तराची वाट बघत. प्रितेशचा हात माऊसकडे गेला. तिने त्याचं मनगट धरलं.

"चांगला नाही झाला, बाबा," ती म्हणाली. तिचा आवाज मोठा होता, खालच्या बंद लूमपर्यंत जाईल एवढा. "आवाज फाटला तुझा. आता तो लागणार नाही. दुसरा घेऊ नकोस. पुरे झालं. बाहेर ये."